नाइटमेअर: ज्या खेळात गोळ्या न मारणारा जिंकतो

आजच्या भागाची सुरुवात एका खोटेपणाने करते, माझ्याच.

२००१ ची मे महिन्याची सुट्टी. मी आठवीत होते आणि कराडला मामाकडे गेले होते. मामाच्या घरी नवा कोरा कॉम्प्युटर आला होता, त्यावर प्लॅस्टिकचं कव्हर आणि कव्हरवर मामीने विणलेला रुमाल. दुपारी मोठी माणसं झोपली की मी आणि माझा मामेभाऊ 'डूम' खेळायचो. दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. एका दुपारी तो क्लासला गेलेला असताना मी एकटीच खेळले आणि संध्याकाळी जेवताना सगळ्यांसमोर जाहीर केलं, "दादा, मी आज पहिला एपिसोड नाइटमेअरवर संपवला."

दादाने भाकरीचा तुकडा मोडला आणि शांतपणे विचारलं, "बरं. मग मेलेले परत उठायला लागल्यावर काय केलंस?"

मी म्हणाले, "कोण परत उठतंय?"

झालं. मामेभावाच्या हसण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. खरं काय होतं? मी एक पातळी खाली, 'अल्ट्रा-व्हायलन्स'वर खेळले होते, आणि तेही आयडीडीक्यूडी हा कोड टाकून. हा कोड टाकला की आपण मरतच नाही. नाइटमेअरवर तो कोड चालतच नाही, हे मला माहीत नव्हतं. चोरी करतानाही अभ्यास लागतो म्हणतात, तो माझा नव्हता.

तर आज बोलूया या नाइटमेअरबद्दल. तुमच्यातले बरेच जण मोबाइलवर बॅटल रॉयल खेळत मोठे झालेत, त्यामुळे थोडं मागे जाते. 'डूम' आला १० डिसेंबर १९९३ ला. अमेरिकेतल्या टेक्सासमधली 'आयडी सॉफ्टवेअर' नावाची छोटी कंपनी, जॉन कार्मॅक आणि जॉन रोमेरो ही त्यातली दोन मोठी नावं. पहिला एपिसोड फुकट वाटायचा, कॉपी करायला पूर्ण परवानगी, आणि आवडला तर पुढचे पैसे देऊन घ्यायचे, असा हिशोब. म्हणून तर तो फ्लॉपीवरून फ्लॉपीवर जात कराडच्या टेबलापर्यंत पोहोचला.

सुरुवातीला त्यात चारच पातळ्या होत्या. लोकांनी सगळ्यात कठीण पातळी पण चाटूनपुसून संपवली. फेब्रुवारी १९९४ मध्ये १.२ ही आवृत्ती आली आणि तिच्यात पाचवी पातळी होती: नाइटमेअर. ती निवडली की खेळ आधी तुम्हाला थांबवून विचारतो, नक्की ना? आणि स्वतःच कबूल करतो की ही पातळी न्याय्य वगैरे अजिबात नाही. खेळ बनवणाऱ्यांनी जवळजवळ लिहूनच दिलंय की बाबांनो, हे जिंकण्यासाठी नाहीये.

आता गंमत बघा. नाइटमेअरमध्ये शत्रू जास्त नसतात, अल्ट्रा-व्हायलन्सवर जितके तितकेच. त्यांचा मारही जास्त लागत नाही. इम्प नावाचा तो तपकिरी काटेरी राक्षस आगीचा गोळा फेकतो, त्याने होणारं नुकसान तेवढंच राहतं. उलट जमिनीवरून उचललेल्या गोळ्या इथे दुप्पट मिळतात! सगळ्यात सोप्या, पोरासोरांच्या पातळीवर मिळतात तशाच. म्हणजे खेळ एका हाताने दारूगोळा देतोय. मग माणूस मरतो कशाने?

तीन गोष्टींनी. एक, शत्रू दोन हल्ल्यांमध्ये दम खात नाहीत. बाकीच्या पातळ्यांवर इम्प गोळा फेकतो, चार पावलं चालतो, मग परत फेकतो. इथे ती चार पावलं काढून टाकलीत. दोन, फेकलेल्या गोष्टी वेगात येतात, इम्पच्या गोळ्याचा वेग सरळ दुप्पट. आणि तीन, दादाने विचारलेली गोष्ट. मेलेले परत उठतात.

हे तीन नियम नक्की कसे चालतात हे पहिल्या काही वर्षांत लोक घड्याळ लावून, मरून-मरून शोधत होते. मग डिसेंबर १९९७ मध्ये कार्मॅकने खेळाचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला केला आणि अंदाजांच्या जागी आकडे आले. मी हा भाग तयार करताना दोन रात्री तो कोड वाचत बसले. माझ्यासारख्या कॉमर्सवालीलाही कळतील अशा काही ओळी त्यात आहेत.

मेलेल्यांचा हिशोब असा. शत्रू पडल्यावर किमान १२ सेकंद तो उठत नाही. ही हमी. त्यानंतर साधारण दर सेकंदाला खेळ एक फासा टाकतो, आणि २५६ पैकी फक्त ५ आकड्यांवर तो उठतो. सरासरी काढली तर माणूस पडल्यापासून जवळपास मिनिटभराने परत उभा राहतो. पण सरासरीवर विसंबू नका, तेराव्या सेकंदालाही उठू शकतो. आणि उठतो कुठे? जिथे पडला तिथे नाही. लेव्हल सुरू होताना तो जिथे उभा होता, त्याच जागी.

आता यावरून डावपेच कसा बदलतो बघा. साध्या पातळीवर शत्रूला मारणं म्हणजे जागा विकत घेणं, एकदा घेतली की आपली. नाइटमेअरवर मारणं म्हणजे भाड्याने घेणं. १२ सेकंदांचं भाडं भरलंत, पुढचं नशिबावर. मग जो दारात आडवा उभा आहे त्यालाच मारायचं. कोपऱ्यात आहे, कट्ट्यावर आहे, पाठ करून उभा आहे, त्याला नमस्कार करून पुढे जायचं. आम्ही पोरं उलट करायचो. खोलीत शिरलो की आधी 'साफ' करायची. नाइटमेअरवर खोली साफ होतच नाही. लेव्हल संपल्यावर किती टक्के शत्रू मारले ते स्क्रीनवर दिसतं ना, नाइटमेअरवर तो आकडा शंभरच्या वर जाऊ शकतो, कारण तोच माणूस तुम्ही दोनदा मारलेला असतो. म्हणूनच जगभरचे खेळाडू जेव्हा डूमचे विक्रम मोजायला लागले, तेव्हा 'सगळे मारून संपवा' हा प्रकार त्यांनी अल्ट्रा-व्हायलन्ससाठी ठेवला. नाइटमेअरवर स्पर्धा लागली ती बाहेर किती लवकर पडता याची.

आणि बाहेर पडायचं तर पळायचं. इथे मला सगळ्यात आवडलेला आकडा सांगते. खेळाचं हृदय सेकंदाला ३५ ठोके देतं. सरळ पळताना तुम्ही एका ठोक्यात साधारण १६.७ एकक पुढे जाता. इम्पचा गोळा एरवी १० एकक जातो, म्हणजे तुम्ही चक्क त्याच्यापेक्षा वेगाने पळता. नाइटमेअरवर तोच गोळा २० ने येतो. तुम्ही १६.७, तो २०. पाठीत बसणार.

पण खेळाडूंना एक फट सापडली. पुढे जायचं बटण आणि बाजूला सरकायचं बटण एकदम दाबलं, तर खेळ दोन्ही वेग एकमेकांत मिसळतो, आणि एकूण वेगावर मर्यादा घालायला विसरतो. पुढचा जोर ५०, बाजूचा ४०. शाळेतला पायथागोरस आठवा: कर्ण निघतो ६४. म्हणजे तिरकं धावलं की वेग २८ टक्के वाढतो. १६.७ चे होतात २१ च्या थोडं वर. गोळा २० ने येतोय, तुम्ही २१ ने जाताय. खेळ बनवणाऱ्यांच्या एका चुकीमुळे माणूस राक्षसाच्या आगीपेक्षा कणभर वेगवान राहिला. नाइटमेअरचे सगळे विक्रम याच कणावर उभे आहेत म्हटलं तरी चालेल. व्हिडिओ बघाल तर खेळाडू भिंतीकडे तोंड करून खेकड्यासारखा चालल्यासारखा वाटतो. वेडा नाहीये तो.

पळण्याने बंदुकीची गोळी मात्र चुकत नाही. इम्पचा गोळा हवेतून येतो, तो चुकवता येतो. पण शॉटगनवाला टकला सैनिक गोळी झाडतो ती त्याच क्षणी लागते, मध्ये प्रवासच नाही. म्हणून नवीन माणूस मोठ्या राक्षसाला घाबरतो आणि जुना खेळाडू या टकल्याला. गोळी खर्च करायचीच असेल तर याच्यावर. त्याहून बरं म्हणजे दुसऱ्याकडून मारून घ्यायचं. डूममधल्या शत्रूला दुसऱ्या जातीच्या शत्रूचा मार बसला की तो तुम्हाला सोडून त्याच्या मागे लागतो. तुम्ही फक्त दोघांच्या मधल्या रेषेत उभं राहायचं आणि वेळेवर बाजूला व्हायचं. नाइटमेअरवर हे जास्तच चांगलं जमतं, कारण कुणीच दम खात नाही. इम्पचा गोळा दुसऱ्या इम्पला इजा करत नाही, पण टकले सैनिक एकमेकांच्या गोळीवरूनही भांडतात. गल्लीतल्या राजकारणासारखंच आहे, जास्त खोलात जात नाही.

अजून एक बारीक गोष्ट, जी कोड वाचेपर्यंत मलाही माहीत नव्हती. तुम्ही हल्ला केला की आवाज होतो, आणि तो उघड्या दारांमधून शेजारच्या खोल्यांत पसरून झोपलेले शत्रू जागे करतो. हे ठीक. पण नुसती मूठ मारली तरी खेळाच्या लेखी तो आवाजच! शॉटगन आणि मूठ, दोन्हीला तितकेच कान टवकारतात. मी लहानपणी गुपचूप मारायचं म्हणून मुठीने मारायचे. हुशारी माझी.

आता पुराव्याची गोष्ट, कारण माझा खरा प्रश्न तोच होता. १९९४ मध्ये कोणी म्हणालं की मी नाइटमेअर केलं, तर विश्वास कसा ठेवायचा? यूट्यूब नाही, स्क्रीन रेकॉर्डिंग नाही. पण डूममध्ये पहिल्यापासून 'डेमो' नावाची सोय होती. खेळ चित्र साठवत नाही, फक्त तुम्ही प्रत्येक ठोक्याला कोणती बटणं दाबलीत ते लिहून ठेवतो. एका ठोक्याला ४ बाइट. दुसऱ्याच्या मशीनवर ती फाइल लावली की खेळ तीच बटणं पुन्हा दाबतो आणि जसंच्या तसं सगळं घडतं. तो फासासुद्धा तसाच पडतो, कारण खेळातलं नशीब म्हणजे २५६ आकड्यांची एक ठरलेली यादी आहे, ती नेहमी त्याच क्रमाने वाचली जाते. मिनिटभराच्या खेळाची फाइल ८,४०० बाइटची. तुमच्या फॅमिली ग्रुपवरची गुड मॉर्निंगची एक प्रतिमा याच्या कितीतरी पट मोठी असते.

या छोट्या फाइलींवर एक अख्खं जग उभं राहिलं. फ्रँक स्टायानो या माणसाने १९९४ मध्येच 'डूम ऑनरिफिक टायटल्स' सुरू केलं. ठरलेली लेव्हल ठरलेल्या अटीवर खेळून डेमो पाठवा, तो तपासला जाईल, मग तुम्हाला पदवी. सायमन विडलेकने 'कॉम्पेट-एन' सुरू केलं, तिथे प्रत्येक लेव्हलच्या सगळ्यात वेगवान डेमोंचा संग्रह होत गेला आणि नाइटमेअरसाठी वेगळा रकाना होता. जी पातळी कुणाला जमू नये म्हणून टाकली होती, तिचे विक्रम लोक सेकंदासेकंदाने खाली आणत होते. आपल्याकडे सामान्य लोकांसाठी व्हीएसएनएलचं इंटरनेट सुरू झालं तेच मुळी १५ ऑगस्ट १९९५ ला, आणि मामाच्या घरी तर २००१ मध्येही नव्हतं. आमच्या जेवणाच्या ताटांपलीकडे असं काही चालू आहे याचा आम्हाला पत्ताच नव्हता.

डेमोतही चोरी होते, हे पण सांगायला हवं. खेळ हळू चालवून रेकॉर्ड करता येतो, तुकडे जोडता येतात. म्हणून यंत्राची मदत घेतलेले डेमो वेगळे ठेवण्याची आणि तसं उघड लिहिण्याची पद्धत पडली. लपवलं तर गडबड. उघड सांगितलं तर तीही एक कला मानतात.

तर यंदा गणपतीत मी लॅपटॉपवर 'चॉकलेट डूम' टाकला. ही आवृत्ती जुन्या खेळाशी शक्य तितकी प्रामाणिक राहते, जुने डेमोही चालवते. पहिली लेव्हल, 'हँगर', नाइटमेअर. हिच्यासाठी बनवणाऱ्यांनी ठरवलेला वेळ ३० सेकंद आहे. मधल्या खोलीत हिरव्या विषारी द्रवातून नागमोडी वाट जाते आणि समोरच्या कट्ट्यावरून इम्प गोळे फेकतो. त्या वाटेवर मी किती वेळा मेले ते मोजणं चाळीसनंतर सोडून दिलं. दर वेळी एकच चूक: टकला दिसला की थांबून नेम धरायचे. बोटांना ती सवय मामाच्या घरापासूनची. शेवटी मी स्वतःला अट घातली की त्या खोलीत बंदूक चालवायचीच नाही, फक्त तिरकं पळायचं. त्यानंतर अकराव्या प्रयत्नात दार उघडलं, बटण दाबलं, आणि स्क्रीनवर वेळ आली ४७ सेकंद. कॉम्पेट-एनवाले हसतील. तब्येत उरली होती ९ टक्के.

फाइल झाली साडेसहा केबीची. दादा आता पुण्यात असतो, दोन मुलांचा बाप आहे. त्याला व्हॉट्सॲपवर पाठवली, खाली लिहिलं, "२००१ ची थकबाकी." दोन दिवस नुसत्या निळ्या टिका. तिसऱ्या दिवशी रात्री साडेअकराला उत्तर आलं:

"बघितला. ३१ व्या सेकंदाला भिंतीला का अडकलीस? आणि हा एक लेव्हल झाला. तू एपिसोड म्हणाली होतीस."