शोध घेणे आणि शोध लागणे : अंतराळखेळांतील ग्रहपाहणीचा इतिहास

मराठीत 'शोध' हा शब्द दोन क्रियापदांबरोबर दोन वेगळे अर्थ धारण करतो. शोध 'घेतला' जातो तेव्हा तो कर्त्याच्या प्रयत्नाचा विषय असतो. शोध 'लागतो' तेव्हा मात्र कर्ता मागे सरतो. वाक्यात तो 'त्याला' असा चतुर्थीत जाऊन बसतो आणि शोध हाच जणू स्वतःहून चालत येतो. व्याकरणाच्या तासाला हा भेद आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. त्याचा विचार संगणकावरील खेळांच्या संदर्भात करावा लागेल, असे मात्र आम्हांला कधी वाटले नव्हते.

निमित्त झाले ते एका विद्यार्थ्याचे. प्रवासवर्णनाचा तास संपल्यावर तो म्हणाला, "सर, मी पण प्रवास करतो. ज्या ग्रहावर आधी कोणी गेलेलं नाही, तिथे माझं नाव लागतं." तिथे सापडते काय, असे आम्ही विचारले. थोडा वेळ थांबून तो म्हणाला, "तेच. नाव." या उत्तराने आम्ही अस्वस्थ झालो, आणि त्या अस्वस्थतेपोटीच या खेळांचा इतिहास तपासू लागलो.

या खेळांत खेळाडू यान घेऊन अवकाशात हिंडतो आणि यानावरील संवेदक रोखून ग्रहाचे वस्तुमान, वातावरण, खनिजे, जीवसृष्टी यांची माहिती मिळवतो. खेळाडूंच्या बोलीत याला 'स्कॅनिंग' म्हणतात. आम्ही येथे महसुली कारभारात रुळलेला 'पाहणी' हा शब्द योजतो. त्यातला मोजणीचा, नोंदीचा आणि आकारणीचा वास येथे अगदी चपखल बसतो.

आरंभ १९८४ पासून करणे सोयीचे. त्या वर्षी केंब्रिज विद्यापीठात शिकणाऱ्या डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल यांचा 'एलीट' हा खेळ बीबीसी मायक्रो या संगणकासाठी प्रसिद्ध झाला. या संगणकाची स्मृती अवघी ३२ किलोबाइट. एवढ्याशा जागेत ८ दीर्घिका आणि प्रत्येकीत २५६ ग्रह, म्हणजे एकूण २,०४८ ग्रह मावले ते एका युक्तीमुळे. ग्रहांची माहिती साठवलेली नव्हतीच. एका बीजसंख्येपासून ठरावीक सूत्राने ती दरवेळी नव्याने, पण अगदी तशीच निर्माण होई. कर्त्यांना याच युक्तीने अब्जावधी दीर्घिका देता आल्या असत्या. प्रकाशकांच्या आग्रहाने ते आठांवर थांबले. या खेळात पाहणी मात्र नव्हती. ग्रहाची राज्यव्यवस्था, अर्थव्यवस्था, लोकसंख्या, रहिवासी हे सारे तिथे जाण्यापूर्वीच पडद्यावर वाचायला मिळे. खेळाडूच्या हाती जणू तयार गॅझेटियरच दिलेले असे. शोध घेण्याचा प्रश्न उद्भवत नव्हता. प्रश्न होता तो व्यापाराचा आणि जीव वाचवण्याचा.

पाहणीला कथेचा कणा बनवले ते १९८६ च्या 'स्टारफ्लाइट'ने. बायनरी सिस्टिम्स या छोट्या गटाने हा खेळ रचला. ग्रेग जॉन्सन हे त्याच्या प्रमुख रचनाकारांपैकी एक. दोन फ्लॉपींवर सुमारे २७० ताऱ्यांचे आणि ८०० ग्रहांचे विश्व त्यांनी बसवले. कक्षेत पोहोचल्यावर संवेदक चालवायचे, तापमान, गुरुत्व आणि वातावरण वाचायचे, मग वाहन उतरवून खनिजे गोळा करायची. एखादा ग्रह वसाहतीस योग्य वाटला तर तशी शिफारस करायची. ती बरोबर ठरली तर मोबदला मिळे. येथे प्रथमच आकडे वाचणे पुरेसे राहिले नाही. त्यांचा अर्थ लावून निर्णय घ्यावा लागू लागला.

परंतु 'स्टारफ्लाइट'चे खरे महत्त्व त्याच्या रहस्यात आहे. (ज्यांना तो खेळ अजून खेळायचा असेल त्यांनी हा परिच्छेद ओलांडून पुढे जावे.) यान चालते 'एंड्युरियम' नावाच्या स्फटिकरूप इंधनावर. हे इंधन खनिज म्हणून ग्रहांवरून खणून काढता येते, विकत घेता येते, जाळता येते. दरम्यान एकामागून एक तारे भडकत आहेत आणि त्यांच्या ज्वाळांत भोवतालची जीवसृष्टी नष्ट होत आहे. या संहाराचे कारण धुंडाळता धुंडाळता खेळाडूला कळते ते असे : एंड्युरियम हे खनिज नव्हे. ते सजीव आहेत, प्राचीन आणि बुद्धिमान. त्यांचे जीवनमान इतके संथ की आपल्या दृष्टीने ते दगड, आणि आपण त्यांच्या दृष्टीने जीव म्हणून जाणवूही नये इतके क्षणिक. तारे भडकवणारे यंत्र त्यांनीच उभारले आहे. ज्यांच्यापासून स्वतःला वाचवायचे, त्यांनाच जाळत आपण येथवर आलो, हे ध्यानी आल्यावरही ते यंत्र नष्ट केल्यावाचून खेळ पूर्ण होत नाही.

संवेदक खोटे बोलले नव्हते. त्यांच्या तक्त्यात 'खनिज' आणि 'जीव' असे दोन रकाने होते आणि एंड्युरियम पहिल्यात पडले, इतकेच. शोध घेण्याची सारी साधने हाती असताना शोध लागला तो तक्ता मोडला तेव्हा. या खेळांच्या पुढच्या इतिहासात रकान्यांवरचा असा अविश्वास आम्हांला तरी इतक्या तीव्रतेने पुन्हा आढळला नाही.

१९९२ च्या 'स्टार कंट्रोल २'मध्ये, ज्याला जॉन्सन यांचाही हातभार लागला होता, पाहणीचे तीन स्वच्छ प्रकार झाले : खनिज, ऊर्जा आणि जीव. भूकंप, विजा आणि हिंस्र प्राणी चुकवत छोटे उतरणयान चालवायचे, आणि जमेल तेवढा माल तळावर आणायचा. पाहणीला कौशल्याची आणि धोक्याची जोड मिळाली. अर्थ लावण्याचे काम मात्र हलके झाले.

२०१० च्या 'मास इफेक्ट २'ने या वाटचालीचे एक टोक गाठले. ग्रहाच्या गोलावरून वर्तुळ हळूहळू सरकवायचे, आलेख उसळला की प्रोब सोडायचा, खनिज जमा करायचे आणि पुढच्या ग्रहाकडे वळायचे. हे काम कंटाळवाणे असल्याची तक्रार तेव्हा सर्वत्र झाली. गंमत अशी, की या कंटाळ्याशी कथेतील मरण जोडलेले होते. याच खनिजांतून यानाचे चिलखत, ढाल आणि तोफ यांची सुधारणा होई. ती न केल्यास अखेरच्या मोहिमेत सहकारी प्राणास मुकत. खेळाडू सोबत्यांसाठी राबत होता. ग्रहाकडे मात्र त्याचे लक्ष नव्हते. तो आलेखाकडे पाहत होता. येथे शोध घेणे उरले ते केवळ वेठ म्हणून.

ब्रेबन यांनी २०१४ मध्ये 'एलीट डेंजरस' आणला तेव्हा प्रमाणच बदलले. आपल्या आकाशगंगेची पूर्णाकृती प्रतिमा आणि त्यात सुमारे ४०० अब्ज ताऱ्यांची कुटुंबे. ज्ञात तारे खगोलीय नोंदींवरून, उरलेले सूत्राने रचलेले. आरंभी एक कळ दाबून ठेवली की भोंग्यासारखा आवाज होई आणि, यंत्र पुरेसे सक्षम असल्यास, त्या ताऱ्याचे सारे ग्रह नकाशावर एकदम प्रकट होत. डिसेंबर २०१८ मध्ये ही पद्धत बदलली. आता रेडिओचे केंद्र लावावे तसे कंपनांच्या पट्ट्यावर सूर जुळवून एकेक ग्रह हुडकावा लागतो आणि मग गुरुत्वाने वळणाऱ्या वाटेचा अंदाज घेत प्रोब सोडून त्याचा पृष्ठभाग नोंदवावा लागतो. जुन्या प्रवाशांपैकी अनेकांना हे रुचले नाही. सारे चित्र एकवार पाहून कुठे जायचे ते निवडण्याचा त्यांचा आनंद हिरावला गेला होता. दुसऱ्यांना वाटले की आता कुठे शोध घेतल्यासारखे होते. हा वाद निव्वळ सोयीचा नव्हता. कविता आधी एकसंध ऐकावी की ओळ-ओळ सोडवत जावे, या आमच्या वर्गातल्या जुन्या वादाचेच ते दुसरे रूप होते.

या खेळातील एक नियम आम्हांला फार अर्थपूर्ण वाटतो. गोळा केलेली माहिती तळावर परत आणून नकाशा-कचेरीला विकेपर्यंत खेळाडूची होत नाही. वाटेत यान नष्ट झाले तर महिन्यांची पाहणी त्याच्याबरोबर जाते, आणि प्रथम शोधकाचे नावही लागत नाही. पाहिलेले परत येऊन सांगितल्याशिवाय प्रवास पुरा होत नाही, हे प्रवासवर्णनाचे मर्म या नियमाने नकळत जपले आहे.

२०१६ च्या 'नो मॅन्स स्काय'मध्ये ग्रहांची संख्या २ च्या ६४ व्या घाताइतकी, म्हणजे १८ वर अठरा शून्ये लिहिल्यास होईल त्याहूनही अधिक झाली. येथे ग्रहांना, प्राण्यांना, वनस्पतींना नावे देण्याचा अधिकार प्रथम पाहणाऱ्यास असतो. हे जग कर्त्यांनी पाहिलेले नाही; सूत्र त्यांचे, दृश्य कोणाचेच नाही. लेखकालाही ठाऊक नसलेली संहिता वाचणारा पहिला वाचक, ही भूमिका मोहक आहे यात शंका नाही. परंतु ज्याच्या मागे कोणाचाच हेतू नाही, त्याला आपण नाव देऊ शकतो. ते आपल्याला उलटा प्रश्न विचारत नाही. 'स्टारफ्लाइट'चे ८०० ग्रह विचारत होते, कारण त्यांच्या तळाशी कोणीतरी जाणीवपूर्वक एक गुपित पुरून ठेवले होते.

अर्थात विद्यार्थ्याला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांला नाही. उत्तरपत्रिकेत रस, अलंकार, वृत्त असे रकाने आम्हीच आखून देतो. विद्यार्थी कवितेवरून वर्तुळ फिरवतो, आलेख उसळला की 'अनुप्रास' लिहितो आणि पुढच्या कवितेकडे वळतो. गुण मिळतात. कविता 'खनिज' या रकान्यात पडते आणि आम्ही ती सुखाने जाळत पुढे जातो. रकाने टाकून द्यावेत असे आमचे म्हणणे नाही. संवेदकांवाचून ग्रहाच्या कक्षेतदेखील जाता येणार नाही. मात्र त्यांच्याशी न जुळणारे काही दिसले, की ते चूक म्हणून खोडायचे की थांबून पाहायचे, हे शिकवणे आमचे काम आहे. त्या विद्यार्थ्याला पुढच्या भेटीत आम्ही 'स्टारफ्लाइट' खेळायला सांगितले. रहस्य अर्थातच सांगितले नाही. त्याचा शोध त्याला लागायला हवा.