चांदीचे रवे आणि मोहरी

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली मुंबईत लागला, हे आपण शाळेत शिकलो. सरस्वतीबाई फाळक्यांनी त्यासाठी काय केले, ते मात्र पुस्तकात नव्हते. कोऱ्या फिल्मच्या कडेला भोके पाडावी लागत. ती त्या रात्री अंधारात पाडत. फिल्म धुण्याची रसायने कालवत, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक बघत. दागिनेही त्यांनीच दिले.

अंधार कशाला? फिल्मवर चांदीचा क्षार असतो. उजेड लागला की तो बदलतो. त्याला धरून ठेवते ते जिलेटिन. जनावरांची कातडी आणि हाडे उकळून काढलेला हा पदार्थ, आपल्या सुताराच्या सरसाचाच शुद्ध भाऊ. इंग्लंडच्या रिचर्ड मॅडॉक्स या डॉक्टरांनी १८७१ साली तो फोटोच्या काचेसाठी वापरून दाखवला.

जिलेटिनच्या कोमट पाण्यात क्षाराचे बारीक रवे तयार होतात. जिलेटिन प्रत्येक रव्याला लपेटून राहते, म्हणून गुठळ्या होत नाहीत आणि रवे भसाभस वाढतही नाहीत. मिश्रण उबेत ठेवले की अगदी बारीक रवे विरघळतात आणि त्यांची चांदी मोठ्या रव्यांवर चढते. रवाळ तुपासाठी आपण तूप सावकाश निवू देतो, तशीच इथेही घाई चालत नाही. चार्ल्स बेनेट यांनी १८७८ साली मिश्रण काही दिवस उबेत ठेवले, तेव्हा कुठे क्षणभराच्या उजेडात फोटो उठू लागला. रवे फार मोठे झाले तर चित्र भरड दिसते, एवढेच.

तरी एका खेपेचे जिलेटिन चपळ निघे, दुसरे मंद. अमेरिकेत कोडॅक कंपनीच्या सॅम्युअल शेपर्ड यांनी १९२५ साली कारण सांगितले: मोहरीच्या तेलात असतो तसा गंधकाचा अंश! जनावराने मोहरीच्या जातीचा पाला खाल्ला, की तो जिलेटिनपर्यंत पोचे. त्याने रवे मोठे होत नाहीत. त्यांच्या अंगावर सूक्ष्म ठिपके बसतात आणि ते उजेडाला लवकर जागे होतात. फोडणीतल्या मोहरीकडे आम्ही तेव्हापासून जरा आदराने बघतो.

हेच जिलेटिन भोर-वेल्ह्याच्या पावसात ओल पिते, फुगते, त्याला बुरशी येते. कितीतरी घरांत आजीचा एकच काळा-पांढरा फोटो असतो, आणि तो फ्रेमच्या काचेला चिकटलेला. ओढून काढू नका, चेहरा काचेवर राहील. ओल्या फडक्यानेही पुसू नका. काचेवरूनच मोबाइलने त्याचा फोटो काढून ठेवा, आणि मग काचेसकट जाणकार फोटोवाल्याकडे न्या.