हायलक्स, भुईमूग आणि म्झे

परवा रात्री साडेअकराला पुण्याहून भाच्याचा फोन आला. एवढ्या रात्री फोन म्हटलं की आधी पोटात गोळा येतो. पण बातमी चांगली होती. त्याला टांझानियात नोकरी लागलीय, पुढच्या महिन्यात जायचंय. कंपनी गाडी देत नाही, गाडीभत्ता देते. "मामा, तू होतास ना तिकडे? मग पिकअप कुठली घेऊ तेवढं सांग. हायलक्स ना? मी यूट्यूबवर बघितलंय, इमारतीच्या गच्चीवर ठेवून इमारत पाडली तरी चालू झाली!"

मी त्याला म्हटलं, सावकाश लिहून कळवतो. लिहायला बसलो आणि हे एवढं लांबलं. ताई, तूही वाचत असशीलच, तेव्हा आधीच सांगतो, यात एक गोष्ट अशी आहे जी मी तेव्हा घरी कोणालाच सांगितली नव्हती. आता वीस वर्षं होत आली, रागावू नकोस.

मी 2005 ते 2010 म्त्वाराला होतो. टांझानियाच्या नकाशात अगदी खाली, मोझांबिकच्या सीमेला टेकलेलं बंदर. काम काजूचं. आपल्याकडे काजूबिया उन्हाळ्यात येतात, तिकडे ऑक्टोबर ते जानेवारी. त्यामुळे आपले कारखाने रिकामे असतात तेव्हा तिकडची बी उपयोगी पडते. माझं काम म्हणजे मासासी, नेवाला, नाचिंग्वेया असं गावोगाव फिरून माल बघायचा. डांबरी रस्ता मासासीपर्यंत, पुढे सगळं कच्चं. आणि ऐन हंगामातच पाऊस सुरू होणार!

गाडी घ्यायची म्हटल्यावर मी रत्नागिरीला अण्णांना फोन केला. अण्णांची सगळी नोकरी एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये गेली. कार्ड संपत आलेलं, मी घाईघाईने दोन-तीन नावं सांगितली आणि विचारलं, कुठली घेऊ? ते म्हणाले, "गाडी कसली विचारतोस? तिथे फिटर कोण आहे ते आधी बघ." आणि लाइन तुटली. मला वाटलं, म्हातारे झाले, यांना आता नवीन गाड्यांतलं काय कळतंय.

मी घेतली ती जपानहून आलेली, चार वर्षं वापरलेली, डबल केबिन, चकचकीत. टर्बो डिझेल, सगळं इलेक्ट्रॉनिक, आतून एसी तर असा की दार-एस-सलामच्या घामातून थेट महाबळेश्वरला! कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. जपानात ती उत्तमच चालली असणार.

जपानातल्या चांगल्या गाड्या आफ्रिकेत का येतात, यामागे एक साधं कारण आहे. तिकडे खासगी गाडीला पहिली तीन वर्षं सोडली की दर दोन वर्षांनी सरकारी तपासणी करून घ्यावी लागते, आणि गाडी जुनी होईल तसा तो खर्च अंगावर येतो. लोक धडधाकट गाडी विकून मोकळे होतात. आणि जपानात वाहनं डावीकडून चालतात, टांझानियातही डावीकडून. म्हणजे स्टिअरिंगला हातसुद्धा लावायला नको, बोटीत घाला आणि पाठवा.

पण पूर्वी असं नव्हतं. इंग्रजांच्या अमलात या भागात लँड रोव्हरचं राज्य होतं. 1948 मध्ये ती गाडी निघाली, आणि लढाईनंतर विलायतेत पोलादाची टंचाई म्हणून तिचं अंग ॲल्युमिनियमचं केलेलं. गोरा साहेब, पोलीस, शिकारखातं, सगळे तिच्यातून फिरायचे. पुढे प्यूजो 404 आली. 1953 मध्ये राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकानिमित्त केनिया, युगांडा, टांगानिका अशी मोटारींची शर्यत सुरू झाली, तीच पुढची सफारी रॅली. आपल्याकडे क्रिकेटचा स्कोअर विचारतात तशी तिकडे रॅलीत कोण पुढे हे विचारायचे. या 404 ने ती 1963 ला आणि मग 66, 67, 68 अशी सलग तीनदा मारली. लोकांनी बघितलं, चिखलातून कोण बाहेर येतं, आणि तीच गाडी घेतली. त्याहून चांगली जाहिरात कुठली?

मग जपानी आले. 1970 ला डॅटसन जिंकली. जोगिंदर सिंग या केनियातल्या सरदारजींनी 1974 आणि 76 ला मित्सुबिशी लान्सरवर रॅली जिंकली, युगांडात जन्मलेल्या शेखर मेहतांनी डॅटसनवर एकूण पाच वेळा. टोयोटा जिंकू लागली ती 1984 पासून. आता या सगळ्या मोटारी, पिकअप नव्हेत हे खरं, पण गावातला माणूस इतका हिशोब करत नाही. जपानी गाडी टिकते, एवढं त्याच्या डोक्यात बसलं.

खरा फरक मात्र पडला तो पैशाच्या चणचणीने. आधी तेलाचे भाव भडकले. मग 1978-79 मध्ये टांझानियाची युगांडाच्या ईदी अमीनशी लढाई झाली. ती जिंकली, पण तिजोरी रिकामी झाली. परकीय चलन नाही, म्हणजे सुटे भाग नाहीत. चांगल्या चांगल्या गाड्या एका बेअरिंगसाठी ठोकळ्यांवर चढवून ठेवलेल्या असायच्या. शेवटी 1984 मध्ये सरकारने, ज्याच्याकडे स्वतःचं परकीय चलन आहे त्याने माल आणावा, कुठून आणलंस ते विचारणार नाही, अशी मुभा दिली. त्यानंतर दाराच्या बंदरात जपानच्या जुन्या गाड्या उतरू लागल्या. ज्या गाड्या जास्त आल्या त्यांचे सुटे भाग जास्त आले, जुन्या मोडून निघालेले भागही जास्त मिळू लागले, आणि ज्यांचे भाग मिळतात त्याच गाड्या लोक घेऊ लागले. हायलक्स 1968 पासून बनतेय. मागे पाटे, खाली स्वतंत्र चेसिस, साधं डिझेल इंजिन. मजबूत आहेच, पण तिकडे ती रुजली ती या चक्रामुळे.

हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत झालं ते डिसेंबर 2006 मध्ये.

नाचिंग्वेयाहून मासासीकडे येत होतो. संध्याकाळ, पाऊस पडून गेलेला. बरोबर आमचा वजनकाट्यावरचा कारकून होता, पंचविशीतला मुलगा. दोन दिवस अंगात ताप होता, त्या दिवशी दुपारपासून तो असंबद्ध बोलायला लागला. मलेरिया डोक्यात चढला होता. त्याला मागच्या सीटवर आडवं केलं आणि मिशनच्या रुग्णालयाकडे निघालो. वीसेक किलोमीटर झाले असतील, गाडीने दोन आचके दिले, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि इंजिन बंद. पुन्हा चालू होईना.

मी बॉनेट उघडून बॅटरीच्या उजेडात नुसता बघत राहिलो. सगळ्यावर प्लास्टिकचं झाकण. एस.टी.च्या फिटरचा मुलगा मी, आणि हात कुठे घालायचा ते कळेना. वायरी हलवल्या, फिल्टर ठोकला. तो मुलगा आत आईला हाका मारत होता.

पाऊण तासाने एक हायलक्स आली. ऐंशीच्या दशकातली असेल. एक दिवा फुटलेला, हौद्यात कसाव्याची पोती आणि पोत्यांवर सात-आठ माणसं. काही न विचारता ती माणसं खाली उतरली, पोती सरकवून जागा केली, मुलाला ताडपत्रीवर झोपवलं. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन हौद्यात बसलो. उतरलेली माणसं त्या अंधारात, चिखलात, चालत निघाली. त्यांतल्या एकाचंही नाव मला माहीत नाही.

मुलगा वाचला. डाव्या कानाने कमी ऐकू यायला लागलं, ते तसंच राहिलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी दोन तास गेले असते तर सांगता येत नव्हतं. ताई, हीच ती गोष्ट.

माझी गाडी दुसऱ्या दिवशी ओढून आणली ती मासासीच्या एका म्हाताऱ्या फुंडीकडे. फुंडी म्हणजे कारागीर, मिस्त्री. त्यांना सगळे म्झे म्हणायचे, आपलं 'आजोबा' म्हणतो तसं. आंब्याच्या झाडाखाली गॅरेज. म्झेंनी झाकण काढलं, वास घेतला, थोडं डिझेल बोटावर घेऊन चोळलं आणि हसले. डिझेलमध्ये रॉकेल. रॉकेलवर कर कमी, म्हणून पिंपातून डिझेल विकणारे सर्रास मिसळायचे (2011 मध्ये सरकारने रॉकेलवरचा कर वाढवला तो त्यासाठीच). जुना पंप असता तर धूर ओकत चालला असता. हा नाजूक, त्याच्या आत कॉम्प्युटर. म्झे म्हणाले, "हे घड्याळ आहे, गाडी नाही. दारला पाठवा." गाडी पाच आठवडे दारला पडून होती.

त्या पाच आठवड्यांत मी म्झेंच्या बाकड्यावर बरेच तास काढले. त्यांची ऐरण म्हणजे रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा. मी विचारलं, इथे रेल्वे कुठली? तर म्हणाले, शेंगदाण्याची.

मंडळी, हे प्रकरण खरंच वाचण्यासारखं आहे. लढाईनंतर इंग्लंडात तेलातुपाची टंचाई. तेव्हा ॲटलींच्या सरकारने ठरवलं की टांगानिकात लाखो एकरांवर भुईमूग लावायचा! 1947 मध्ये काम सुरू झालं. आधी मधल्या भागात कोंग्वाला, मग इकडे नाचिंग्वेयाला. झाडं उपटायला अमेरिकन सैन्याचे टाकून दिलेले ट्रॅक्टर थेट फिलिपिन्सहून आणले. तेही पुरेनात, तर शर्मन रणगाड्यांचे ट्रॅक्टर करून घेतले. ज्या यंत्राने हिटलरची फौज अडवली ते झाडाच्या मुळांपुढे काय अडणार, असा हिशोब. पहिल्याच वर्षात निम्म्याहून जास्त ट्रॅक्टर बंद पडले. सुटे भाग नाहीत, दुरुस्तीला माणसं नाहीत, वर्कशॉप नंतर उभारू म्हणाले होते. कोंग्वाची माती उन्हाळ्यात अशी टणक व्हायची की पिकलेल्या शेंगा उपटता येईनात. 1951 मध्ये गाशा गुंडाळला, तोवर साडेतीन कोटी पौंडांहून अधिक बुडाले होते. त्या भुईमुगासाठी म्त्वाराचं खोल बंदर बांधलं, तिथून नाचिंग्वेयापर्यंत रेल्वे टाकली. भुईमूग नाही तर रेल्वे तरी काय वाहणार? साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच तीही बंद झाली. म्त्वाराचे भलेमोठे रुंद, रिकामे रस्ते त्याच स्वप्नातले.

म्झेंचे वडील त्या योजनेत मजूर होते. म्झे स्वतः शिकले ते लिंडीच्या एका सरदारजींच्या गॅरेजमध्ये. तिकडे सरदारजींना कलासिंगा म्हणतात, कुणा कालासिंगावरून पडलेलं नाव. 1967 ला राष्ट्रीयीकरण सुरू झालं, 1971 मध्ये भाड्याच्या इमारती सरकारने ताब्यात घेतल्या, आणि हिंदी लोक पांगले. म्झेंचा कलासिंगाही गेला. जाताना पान्यांची पेटी यांना देऊन गेला. ती पेटी मी बघितली आहे. एकेक पाना फडक्यात गुंडाळलेला.

आणि गंमत ऐका. स्वाहिलीत मोटारीला म्हणतात 'गारी'. वर्कशॉपला 'काराकाना'. विम्याला 'बिमा'. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला गलबलून आलं होतं. इतकी माणसं या किनाऱ्यावर येऊन गेली, काहींना हाकलूनही लावलं, पण शब्द मागे राहिले. सुट्या भागांना मात्र इंग्रजीच, 'स्पेआ'. आणि म्झेंकडे कुठलीही गाडी आली की त्यांचा पहिला प्रश्न तोच, स्पेआ इको? भाग आहे का? रत्नागिरीच्या वर्कशॉपमध्ये अण्णा आणि मासासीच्या आंब्याखाली म्झे, दोघांची भेट झाली असती तर दुभाषाही लागला नसता.

चकचकीत गाडी दारमध्येच पडेल त्या भावाने विकली. दुसरी घेताना म्झेंना बरोबर नेलं, माझ्या खर्चाने, बसने. त्यांनी तीन गाड्या नाकारल्या. चौथी पांढरी हायलक्स, तीन लिटरचं टर्बो नसलेलं डिझेल, पुष्कळ चाललेली. त्यांनी बाहेरून बघितलीच नाही. खाली झोपले, चेसिसवर हातोडीने टिकटिक केलं, इंजिन गार असताना चालू करायला लावलं, तेलाचं झाकण उघडून हात धरला. म्हणाले, टायमिंग बेल्ट आजच बदला, बाकी मी आहे. मग अण्णांना फोन केला. त्यांनी गाडीचं नाव विचारलं नाही. "फिटर मिळाला?" म्हणाले.

तेव्हा भाच्या, त्या यूट्यूबवाल्या गोष्टीबद्दल एवढंच. तो बीबीसीचा कार्यक्रम 2003 चा. इमारतीवरून पडलेली गाडी आपोआप चालू झाली नाही. सुटे भाग वापरायचे नाहीत, साधी हत्यारं चालतील, अशी अट होती आणि एका मेकॅनिकने ती चालू केली. पुन्हा बघ, त्याच्या हातांकडे बघ. नोकरी कुठल्या गावात आहे ते तू सांगितलंच नाहीस. गावाचं नाव कळव. तिथे कुणाच्या गाड्या जास्त आहेत आणि त्या कोण उघडतो, ते विचारायला अजून माझे दोन-तीन नंबर लागतात.

म्झे 2014 मध्ये गेले. निघताना मी हायलक्स त्यांच्या जावयाला विकली होती. 2017 मध्ये आमच्या त्या कारकुनाने फोटो पाठवला. हौद्यात लग्नाचं बिऱ्हाड, गाद्या, कपाट. डावा आरसा गेलेला, तिथे न्हाणीघरातल्या आरशाचा अर्धा तुकडा तारेने बांधलेला. मागच्या काचेवर आईने पाठवलेलं गणपतीपुळ्याचं स्टिकर अजून होतं, फक्त उन्हाने गणपती निळा झाला होता.