जुन्या गाडीला गंज लागलाय? रंग मारण्याआधी पत्रा तपासा

पावसाळा सरला की गॅरेजसमोर एक ठरलेलं दृश्य दिसतं. पंधरा-सोळा वर्षं वापरलेली मारुती ८००, ओम्नी नाहीतर सँट्रो उभी असते. दाराच्या खालच्या कडेला रंग फुगलेला, चाकावरच्या कमानीला तपकिरी डाग. मालक विचारतो, "पूर्ण गाडीला रंग मारून द्यायला किती घ्याल?" पेंटर आकडा सांगतो, थोडी घासाघीस होते, सौदा ठरतो. दिवाळीला गाडी नव्यासारखी चमकते. आणि पुढच्या पावसाळ्यानंतर त्याच जागी पुन्हा फोड येतात.

यात दर वेळी पेंटरचाच दोष असतो असं नाही. बऱ्याचदा प्रश्नच उलटा विचारलेला असतो. रंगाला किती पैसे लागतील हे नंतर, रंग ज्यावर बसणार तो पत्रा किती शाबूत आहे हे आधी बघायचं. पत्रा धड असेल तर जुन्या गाडीवरचा खर्च वाया जात नाही. पत्रा कुजला असेल तर रंग ते नुसतं झाकतो, थांबवत नाही.

गंज कुठे धरतो?

लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज चढतो. त्यात मीठ मिसळलं की वेग वाढतो. म्हणून पणजी, मालवण, वेंगुर्ला भागातली गाडी आणि इंदूर-ग्वाल्हेरकडची गाडी एकाच वर्षाची असली, तरी दोन्हींचा पत्रा सारखा नसतो. चोर्ला, अनमोड किंवा आंबोली घाटातून बेळगाव-गोवा ये-जा करणाऱ्या गाड्यांना तर घाटातला पाऊस-चिखल आणि खालची खारी हवा दोन्ही सोसावं लागतं.

गंज झालेलं लोखंड मूळच्या लोखंडापेक्षा जास्त जागा घेतं. त्यामुळे तो फुगतो आणि वरचा रंग उचलतो. बाहेर रुपयाएवढा फोड दिसतो, तेव्हा आतून तळहाताएवढा पत्रा गेलेला असू शकतो. दारं आणि रनिंग बोर्ड आतून पोकळ असतात. त्यांच्या खालच्या कडेला पाणी निचरायला बारीक भोकं दिलेली असतात. ती माती-पानांनी बुजली की पाणी आत साचतं आणि गंज आतून बाहेर येतो.

घरच्या घरी तपासणी

गाडी धुऊन वाळू द्या आणि दिवसाउजेडी बघा. बॅटरीखालचा ट्रे, बॉनेटची कड, पुढच्या काचेच्या रबराभोवतीचा पत्रा, चारही कमानींची आतली बाजू, दारांच्या खालच्या कडा आणि डिकीतल्या स्टेपनीची जागा, इतकं तरी बघाच. पायाखालच्या मॅट उचला. मॅट ओली लागली तर तळाचा पत्रा नक्की तपासून घ्या.

मग तीन सोप्या गोष्टी करा.

पहिली, लोहचुंबक. फ्रिजला चिकटवायचा साधा मॅग्नेट मऊ कापडात गुंडाळून पत्र्यावर फिरवा. जिथे तो नीट धरत नाही, तिथे रंगाखाली पुट्टीचा जाड थर असण्याची शक्यता असते. काही पेंटर पुट्टीला लांबी म्हणतात. प्लास्टिकच्या बंपरवर मात्र हा प्रयोग करू नका, तिथे मॅग्नेट चिकटणारच नाही.

दुसरी, आवाज. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोका. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला किंवा पुट्टी भरलेला भाग बदबद वाजतो.

तिसरी, टोक. गंजलेल्या जागी स्क्रूड्रायव्हरचं टोक बेताने दाबा. पत्रा दबला किंवा टोक आत गेलं, तर त्या जागी रंगाचं काम उरलंच नाही, वेल्डिंगचं काम आहे.

गाडीचा तळ मात्र घरी बघू नका. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणं जिवावर बेतू शकतं. वॉशिंगच्या रॅम्पवर किंवा गॅरेजच्या लिफ्टवर गाडी चढवा आणि मेकॅनिकला सोबत घेऊन बघा.

गंजाच्या तीन पायऱ्या

वरवरचा गंज : रंग खरवडला गेलाय, खाली तपकिरी थर आहे, पण घासल्यावर चकचकीत पत्रा दिसतो. यासाठी पूर्ण गाडी रंगवायची गरज नाही. तेवढी जागा घासून, प्रायमर देऊन पॅच मारला तरी काम भागतं. मात्र ते लवकर करा. हा गंज एक-दोन पावसाळ्यांत पुढच्या पायरीवर जातो.

खोल गंज : पत्र्याला खड्डे पडलेत, पापुद्रे सुटतायत, पण भोक नाही. इथे मशीनने घासून पत्रा उघडा करावा लागतो. खड्ड्यांत उरलेल्या गंजावर कन्व्हर्टर लावता येतो. त्यातलं टॅनिक किंवा फॉस्फरिक आम्ल गंजाचं स्थिर थरात रूपांतर करतं. पण सुटे पापुद्रे तसेच ठेवून वरून कन्व्हर्टर फासला तर उपयोग शून्य.

आरपार गंज : भोकं पडलीत किंवा पत्रा हाताने मोडतोय. तेवढा भाग कापून नवा पत्रा वेल्ड करणं किंवा पूर्ण दार, मडगार्ड बदलणं हाच उपाय. भोकात जाळी किंवा फायबर कोंबून वर पुट्टी ओढणं म्हणजे काही महिन्यांची शोभा. पुट्टी ओलावा धरते आणि मागचा गंज चालूच राहतो.

जीवाशी संबंधित जागा

दार कुजलं तर गाडी वाईट दिसते. पण सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलेलं असतं ती जागा, सीटबेल्टचे बोल्ट, सीटखालचा तळ, रनिंग बोर्ड, जॅक लावायची जागा आणि ब्रेकचे लोखंडी पाइप इथे गंज खोलवर गेला असेल, तर प्रश्न दिसण्याचा राहत नाही. अपघातात धक्का झेलायचा तो याच भागांनी. इथे आधी दुरुस्ती, मग रंग. दुरुस्ती परवडत नसेल तर रंगावर एक रुपयाही घालू नका आणि त्या गाडीत घरच्यांना बसवून घाट उतरू नका.

हिशेब कसा मांडायचा?

हे आकडे फक्त हिशेब समजावा म्हणून. समजा, गाडी आहे तशी विकली तर ७० हजार येतील. पत्र्याचं काम आणि पूर्ण रंग मिळून ५० हजार सांगितले. रंगवल्यावर गाडीचे सव्वा लाख येतील असं धरू नका. ताजा रंग बघून जाणकार गिऱ्हाईक उलट विचारतं, "काय लपवलंय?" त्यामुळे विकायच्या गाडीला पूर्ण रंग सहसा परवडत नाही. गंज थांबवा, पॅच मारा आणि गिऱ्हाइकाला खरं काय ते सांगा.

गाडी आणखी चार-पाच वर्षं वापरायची असेल, इंजिन-गिअर धड असेल आणि गंज पहिल्या-दुसऱ्या पायरीवर असेल, तर खर्चाला अर्थ आहे. ५० हजारांना पाच वर्षांनी भागा, वर्षाला १० हजार पडतात. नव्या गाडीच्या हप्त्यापुढे हे स्वस्तच. वडिलांनी घेतलेली पहिली गाडी म्हणून ठेवायची असेल तरीही हरकत नाही. भावनेला किंमत असतेच. फक्त तो पैसा परत येणार नाही, हे मनाशी ठरवून घाला.

गंजाचा खर्च विम्यातून मिळत नाही, हेही लक्षात घ्या. वापरातली झीज आणि गंज विम्यात धरत नाहीत.

आरसीचं गणित आधी सोडवा

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. मुदत संपण्याआधी ६० दिवसांपासून फॉर्म २५ भरता येतो. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क ५ हजार रुपये झालं. २० वर्षांवरच्या मोटारींसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते १० हजार करण्यात आलं. राज्याराज्यांचा हरित कर वेगळा. मुदत जवळ आली असेल तर आधी तळ आणि ब्रेक तपासणीत टिकतील का ते बघा, रंगाचा ॲडव्हान्स नंतर द्या.

आरसीवर गाडीचा रंग लिहिलेला असतो. तोच रंग पुन्हा मारला तर प्रश्न नाही. रंग बदलायचा असेल तर आरटीओत नोंद करा आणि विमा कंपनीलाही कळवा. सीमाभागात आणखी एक गोष्ट घडते: गाडी एमएच ०९ची, मालक राहतो बेळगावात. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी ठेवायची तर मूळ आरटीओची एनओसी घेऊन तिथली नोंदणी करावी लागते. तो खर्चही या हिशेबात धरा.

पेंटरला काय विचाराल?

दर एका गॅरेजात विचारून थांबू नका, दोन-तीन ठिकाणी गाडी दाखवा. आणि हे प्रश्न विचारा: जुना रंग कुठपर्यंत काढणार? उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर देणार का? काचांची रबरं, हँडल, दिवे काढून रंग मारणार की चिकटपट्टी लावून? दाराच्या आतल्या बाजूला गंजरोधक फवारणार का? निचऱ्याची भोकं मोकळी ठेवणार का? प्रायमरआधी उघडा पत्रा दाखवणार का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. पत्रा घासून झाला की स्वतः जाऊन बघा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुट्टी बसल्यावर काहीच कळत नाही. वेल्डिंग करताना बॅटरीची वायर काढलीय ना आणि पेट्रोलची टाकी जवळ नाही ना, हेही विचारा.

हे काम भर पावसात नको. हवेत दमटपणा असला की ओलावा रंगाखाली अडकतो. दिवाळीनंतर ते मे महिन्यापर्यंतचा काळ चांगला. तळाचं कोटिंग पावसाळ्याच्या आत उरकून घ्या, पण ते गंज काढून, कोरड्या पत्र्यावरच. गंजावर डांबरासारखा काळा थर मारला तर ओल आत कोंडते.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी

२०१९ आणि २०२१ मध्ये कोल्हापूर-सांगलीत, २०२० मध्ये हैदराबादेत, २०२४ मध्ये वडोदऱ्यात पुराचं पाणी वस्त्यांत शिरलं, गाड्या बुडाल्या. पाण्यात बुडालेली गाडी रंगवून दुसऱ्या राज्यात विकली जाऊ शकते. वय जुनं आणि रंग कोरा दिसला की सीटखालच्या पट्ट्या आणि बोल्ट बघा, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेघ आहे का बघा. स्टेपनीची जागा तपासा.

थांबायचं कधी?

तळ, रनिंग बोर्ड आणि सस्पेन्शनची जागा अशी दोन-तीन ठिकाणं आरपार गेली असतील तर थांबा. अधिकृत स्क्रॅपिंग केंद्रात गाडी दिली की ठेव प्रमाणपत्र मिळतं. ते दाखवून नव्या खासगी गाडीच्या रस्ता करात २५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे. प्रत्यक्ष सूट राज्य ठरवतं. साध्या भंगारवाल्याला गाडी दिली आणि आरसी रद्द केली नाही, तर ती कागदोपत्री तुमच्याच नावावर राहते.

गाडी ठेवायची ठरवली, तर पावसाळ्यानंतर एकदा आणि किनाऱ्यावर जाऊन आल्यावर दर वेळी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या. निचऱ्याची भोकं काडीने मोकळी करा. ओल्या गाडीवर कव्हर घालू नका. एवढं केलंत तर मारलेला रंग बरीच वर्षं टिकेल.