मणी उरतो, दोरा उरत नाही

दिवाळी जवळ आली की भिवंडीतल्या माझ्या मावशीच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरायची नाही. परातीत पांढरे मोती, ताटात सोनेरी मणी, वाट्यांमध्ये लाल-हिरवे खडे. खिडकीच्या गजाला तंगूसाचं रीळ अडकवलेलं. दुपारची भांडी आवरली की शेजारच्या दोघी-तिघी यायच्या आणि संध्याकाळी लाईट लावेपर्यंत माळा, तोरणं, कुंदनाच्या फुलांची लटकणं तयार होत राहायची. काकांचे माग बंद पडले त्या वर्षी हे काम घरात आलं आणि मग राहिलंच. माझ्याकडे मोजणीचं काम असायचं: बारा माळा झाल्या की एक गाठ.

पैसे डझनावर मिळायचे. एका डझनाच्या पैशात एक वडापावसुद्धा येत नसे. पुढे कॉलेजात असताना मुंबईतल्या एका दुकानात अगदी तसलंच तोरण सुंदर खोक्यात ठेवलेलं दिसलं. वर लिहिलं होतं, ‘हँडमेड’. किंमत पाहून मी ते परत जागेवर ठेवलं. मावशीला सांगितलं तर ती हसली. म्हणाली, “अगं, मणी कुणीही विकत आणील. ओवणार कोण?”

तेव्हा ते वाक्य मी सोडून दिलं होतं. नंतर मण्यांचा इतिहास वाचायला लागले, तेव्हा ते पुन्हा पुन्हा आठवत राहिलं.

महाराष्ट्रातले मणी किती जुने आहेत? जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळ पाटणे नावाचं गाव आहे. तिथे पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांना अश्मयुगीन थरांमध्ये मणी सापडले. ते दगडाचे नव्हते, शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे होते. वय साधारण 25,000 वर्षं. म्हणजे खानदेशात तेव्हा शहामृग फिरत होते, शेती कुणाला ठाऊक नव्हती, मडकं घडवलेलं नव्हतं. पण अंड्याचं कवच फोडायचं, त्याचा तुकडा घासून गोल करायचा आणि मधोमध बारीक वेज पाडायचं, एवढी उसंत माणसाकडे होती. पोटाला काहीच न देणाऱ्या वस्तूवर घातलेले ते तास होते. तो मणी कुणी स्वतःसाठी केला की दुसऱ्या कुणाला द्यायला, हे मणी सांगत नाही. त्याला पडलेलं वेज मात्र सांगतं की त्यातून एक दोरा गेला होता. तो दोरा आज नाही.

मण्यांच्या इतिहासाची अडचण इथेच आहे. दगड टिकतो, काच टिकते, सोनं टिकतं. दोरा कुजतो. उत्खननात मणी मातीत विखुरलेले मिळतात. कोणता मणी कुणाच्या शेजारी होता, माळ एकपदरी होती की पाचपदरी, गाठ कशी होती, हे दोऱ्याबरोबर निघून गेलेलं असतं.

एकदा मात्र दोरा उरला. प्रवरेच्या काठावर नेवासे आहे. 1954 ते 1956 या काळात ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे उत्खनन केलं. ताम्रपाषाण युगातले लोक आपली गेलेली लहान मुलं मडक्यांमध्ये ठेवून राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरत असत. तशा एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांबं गंजलं, त्याचे क्षार मण्याच्या वेजात शिरले आणि आतला दोरा कुजायचा राहिला. ए. एन. गुलाटी या तंतुतज्ज्ञांनी तो तपासला. मोहेंजोदडोच्या कापसाचा अभ्यास करून 1928 साली टर्नर यांच्याबरोबर त्यावर लिहिणारे गुलाटी ते हेच. या दोऱ्यात त्यांना कापूस आणि रेशीम असे दोन्ही तंतू ओळखता आले. माळ तीन हजार वर्षांहून जुनी होती.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी मोबाइल बाजूला ठेवला. रेशीम नेवाशाला कुठून आलं, यावर अभ्यासक बोलतात आणि तो प्रश्न मोठाच आहे. मला मात्र तो दोरा वळणारा हात दिसत राहिला. मूल गेलेलं आहे. तरी कुणीतरी त्याच्या गळ्यातली माळ काढून घेतली नाही. तांबं तेव्हा स्वस्त नव्हतं.

पुढे हा सगळा व्यापार झाला. दख्खनच्या काळ्या खडकात अकीक जातीचे दगड भरपूर मिळतात. ते फोडायचे, भाजून त्यांचा लाल रंग खुलवायचा, घासायचे, वेज पाडायचं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या पुस्तकात पैठणहून असे दगड गाड्या भरभरून, वाटा नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराकडे जात असल्याचं लिहिलं आहे. त्याच पुस्तकात कल्याणचंही नाव आहे. भिवंडी या कल्याणची खाडीपलीकडची शेजारीण. कान्हेरीच्या लेण्यांमध्ये कल्याणच्या आणि सोपाऱ्याच्या दानशूरांची नावं कोरलेली आहेत. त्यांत व्यापारी आहेत, सोनार आहेत, एक मणिकारही आहे. मणी घडवणाऱ्याचं नाव असं दगडावर चढलं. ओवणाऱ्याचं नाव कुठे चढलेलं मला दिसलं नाही.

मराठीत मात्र ओवणाऱ्याला शब्द आहे: पटवेकरी. सोनाराने घडवलेले मणी रेशमात गाठवून द्यायचे, मागे गोंडा करायचा, पदर समान बसवायचे, हे त्यांचं काम. पेशवाईतली तन्मणी आणि चिंचपेटी आपण चित्रांत पाहतो ती मोत्यांसाठी. पण मोती गळ्यावर सरळ बसतो तो दोऱ्यामुळे. इराणच्या आखातातले, ज्यांना आपण बसऱ्याचे मोती म्हणतो ते, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मुंबईच्या बाजारात येत. तिथे त्यांची वर्गवारी होई, वेज पडे, सर ओवले जात आणि मग ते पॅरिस-लंडनला जात. जपानमधून संवर्धित मोती आले, पाठोपाठ जागतिक मंदी आली आणि 1930 च्या सुमारास तो व्यापार कोसळला. पुढे काचेचे आणि प्लॅस्टिकचे मोती घरोघर पोचले.

काचेचा मणी त्याआधीच गावोगाव गेला होता. व्हेनिसहून, बोहेमियातल्या याब्लोनेत्सहून पिंपं भरभरून मणी येत. भारतातही आंध्रातल्या पापानायडुपेटसारख्या गावांत भट्टीवर काचेच्या नळ्या ओढून त्यांचे बारीक मणी तुकडे करून काढत. भिवंडी-शहापूर पट्ट्यातल्या ठाकूर, कातकरी, वारली बायकांच्या गळ्यात सोनं नव्हतं, पण मण्यांचे सर होते. ठाकूर बायकांचे गळे तर सरांनी भरलेले असत. ते सर त्या स्वतः ओवत, एकमेकींना देत.

मण्यांचा हा इतिहास लिहिणारा पहिल्या फळीतला अभ्यासकही आपलाच. डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात भाग घेतला, 1949 साली डेक्कन कॉलेजातून नक्षीदार मण्यांवरचं पुस्तक काढलं आणि 1969 मध्ये भारतीय काचेचा इतिहास लिहिला. मातीतल्या चिमूटभर मण्यांवरून बाजारपेठा आणि वाटा वाचता येतात, हे अशा कामांनी दाखवून दिलं. वाटा सापडल्या. बोटं सापडायची राहिली.

भाषेने मात्र दोऱ्याची आठवण ठेवली आहे. लग्नात जे गळ्यात पडतं त्यात काळे मणी असतात, सोन्याच्या वाट्या असतात, पण त्याचं नाव मंगळमणी नाही. ते मंगळसूत्र आहे. सूत्र म्हणजे दोरा. संक्रांतीला नव्या नवरीला आणि बोरन्हाणाच्या बाळाला हलव्याचे दागिने घालतात. मंद आचेवर परातीत खसखस नाहीतर साबुदाणा फिरवत, पाक थेंब-थेंब घालत, तासन्‌तास बसून काटेदार हलवा करायचा. त्या साखरेच्या दाण्याला वेज पाडायला गेलं तर तो फुटतो. म्हणून दोऱ्याच्या गाठीत एकेक दाणा अडकवतात. सण झाला की मुलं दागिना खाऊन टाकतात. हातात उरतो फक्त दोरा. एवढी एकच माळ मला माहीत आहे, जिच्यात मणी आधी जातो आणि दोरा मागे राहतो.

भिवंडी तर दोऱ्याचंच गाव. देशातल्या मोठ्या यंत्रमाग केंद्रांपैकी एक. दिवसरात्र खटखट चालते, सुताचा बारीक कापूस छपरांच्या पत्र्यांवर साचतो. त्याच गल्ल्यांमध्ये घराच्या आत दुसरं काम चालतं, आवाज न करणारं. मागावरचा माणूस निदान कामगार म्हणून मोजला जातो. घरी बसून मणी ओवणारी बाई ‘रिकाम्या वेळात काहीतरी करते’ असं सांगितलं जातं. घरबसल्या कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1996 साली करार क्रमांक 177 केला. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. आपल्याकडे 2008 च्या असंघटित कामगार कायद्यात ‘घरबसल्या काम करणारा’ ही व्याख्या आली. मावशीला हे मी समजावून सांगितलं. तिने विचारलं, “मग डझनाचा भाव वाढेल का?”

तिच्या हातची एक माळ माझ्याकडे आहे. तेवढी एकच तिने डझनात मोजली नव्हती. माझ्या बारावीच्या निकालाच्या दिवशी दिली होती. प्लॅस्टिकचे मोती, नायलॉनचा तंगूस, मागे बारीक दुहेरी गाठ. इतकी वर्षं झाली, तुटलेली नाही.

आणि आता एक गंमत लक्षात येते. या माळेला तांब्याच्या गंजाची गरज नाही. प्लॅस्टिक आणि नायलॉन दोन्ही शेकडो वर्षं जातील. भिवंडीच्या मातीत उद्या कुणी खणलं, तर मणी आणि दोरा दोन्ही सापडतील. प्रयोगशाळेत तंतू ओळखला जाईल, कारखान्याचा काळ ठरेल, वाटा वाचल्या जातील. नेवाशाच्या बाईबद्दल आपल्याला जेवढं कळलं, तेवढंच मावशीबद्दल त्यांना कळेल.

म्हणून परवा त्या माळेच्या डबीत मी एक चिठ्ठी ठेवली. त्यावर तिचं नाव लिहिलं, आणि खाली: हिने ओवली.