अल्पशक्ती प्रक्रियक व परिचालन प्रणालीचा गाभा

परिचालन प्रणालीच्या गाभ्याची नवी आवृत्ती बसविल्यानंतर, कमी विद्युत् शक्तीवर चालणारा प्रक्रियक असलेला संगणक सुरूच न होणे, ही २००० नंतरच्या संगणकविद्येच्या इतिहासात वारंवार उद्‌भवलेली आपत्ती होय. गाभा म्हणजे कर्नेल. प्रक्रियक, स्मृती व जोडलेली उपकरणे यांच्यावर प्रत्यक्ष हुकमत चालविणारा परिचालन प्रणालीचा हा सर्वांत आतला भाग होय. अन्य कोणत्याही कार्यक्रमात दोष निघाला, तर तो बंद करून दुसरा चालविता येतो. गाभाच सुरू झाला नाही, तर दुरुस्तीचे साधन चालविण्यासही संगणक उपलब्ध राहत नाही. त्यामुळे ही आपत्ती इतर दोषांहून वेगळी ठरते.

संगणकाचा विद्युत् प्रवाह सुरू केल्यावर प्रथम पायाभूत यंत्रणेतील कायम स्वरूपाचा कार्यक्रम चालतो. तो आरंभक कार्यक्रमास स्मृतीत आणतो, आरंभक गाभा आणतो आणि गाभा स्वतःस उलगडून प्रक्रियकाचा ताबा घेतो. या अखेरच्या पायरीवर पडद्याची व्यवस्था अद्याप पुरती लागलेली नसते, त्रुटी नोंदविण्याची यंत्रणाही उभी राहिलेली नसते. प्रक्रियकास अपरिचित असलेली एखादी आज्ञा या क्षणी त्याच्या पुढ्यात आली, तर तो थबकतो व बहुधा काहीही न सांगता थबकतो. जुन्या लिनक्स संगणकांवर गाभा उलगडला जात असून आता सुरू होत आहे, अशा अर्थाची ओळ उमटून पडदा तसाच राहत असे. अनेकांना तेवढाच पुरावा मिळे.

आज्ञासंच आणि ‘६८६’ हे नाव : लिनक्सचा गाभा लीनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये इंटेलच्या ८०३८६ या प्रक्रियकावर लिहिण्यास आरंभ केला. त्यानंतर ८०४८६, पेंटियम आणि १९९५ मधील पेंटियम प्रो अशा पिढ्या आल्या. प्रत्येक पिढीने आधीच्या आज्ञा राखून नव्यांची भर घातली. पेंटियम प्रोने अट पूर्ण झाल्यासच मूल्य हलविणारी सीमूव्ह ही आज्ञा आणली, तसेच पीएई ही स्मृतिपत्त्यांचा विस्तार करणारी पद्धती आणली. ३२ बिटांच्या पत्त्याने ४ गिगाबाइट स्मृतीपर्यंतच पोहोचता येते. पीएईने पत्ता ३६ बिटांचा होऊन ही मर्यादा ६४ गिगाबाइटवर गेली. या पिढीला बोलण्यात ‘६८६’ हे नाव रूढ झाले. गाभा व अन्य कार्यक्रम यांचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरमध्येही याच नावाचा पर्याय होता. तो निवडला की पेंटियम प्रोच्या आज्ञा उपलब्ध आहेत असे गृहीत धरले जाई.

गृहीतक येथेच ढासळले. प्रक्रियक कोणत्या पिढीचा हे सांगणारा कुल-क्रमांक आणि त्यात कोणकोणत्या क्षमता आहेत हे सांगणारे स्वतंत्र बिट, अशा दोन्ही गोष्टी सीपीयूआयडी या आज्ञेने प्रक्रियकाकडून विचारता येतात. इंटेलच्या नियमानुसार सीमूव्हसाठी वेगळा बिट होता, म्हणजे ही आज्ञा नसणेही नियमास धरूनच होते. क्षमता बिटावरून ठरवावयाची, क्रमांकावरून नव्हे. व्यवहारात मात्र क्रमांकच वाचला गेला. शक्ती वाचविण्यासाठी ज्यांच्या रचनाकारांनी मंडलांत काटछाट केली होती, ते प्रक्रियक या चुकीचे पहिले बळी ठरले.

व्हाया सी-३ : टेक्सस राज्यातील ऑस्टिन येथील सेंटॉर या छोट्या संस्थेने तैवानच्या व्हाया कंपनीसाठी सी-३ हा प्रक्रियक रचला. आकाराने लहान, किमतीने स्वस्त आणि उष्णता कमी, ही त्याची उद्दिष्टे होती. २००२ च्या सुमारास एपिया नावाच्या १७ सेंमी. चौरस आकाराच्या पट्टांवर तो मिळू लागला. त्यांतील ५३३ मेगॅहर्ट्‌झचा प्रकार पंख्यावाचून चाले. घरगुती सेवा-संगणक आणि दुकानातील देयक-यंत्रे यांसाठी हे पट्ट सोयीचे होते. सी-३ च्या आरंभीच्या प्रकारांनी कुल-क्रमांक ६ असा सांगितला, परंतु सीमूव्ह आज्ञा त्यांत नव्हती. ती २००३ मधील नेहेमाया या प्रकारात आली. परिणामी ६८६ साठी घडविलेला गाभा या यंत्रांवर पहिल्या काही क्षणांतच कोसळे. योग्य गाभा निवडूनही संकट टळत नसे. गाभा सुरू होऊन आपण ‘६८६’ यंत्रावर आहोत असे सांगे, त्यावर विसंबून सामाईक ग्रंथालयाची ६८६ आवृत्ती निवडली जाई आणि मग पहिलाच कार्यक्रम निषिद्ध आज्ञेपाशी मरे. डेबियन या लिनक्स वितरणाने पुढे अशा ग्रंथालयांसाठी ‘६८६’ च्या आत ‘सीमूव्ह’ नावाचा वेगळा कप्पाच ठेवला. एका आज्ञेच्या नावाने कप्पा करावा लागणे यातच पिढीवाचक नाव किती अपुरे होते हे दिसते.

दोष एकाच बाजूचा होता असे म्हणता येत नाही. ५ ऐवजी ६ हा क्रमांक सांगण्यात बाजारपेठेचा विचार उघड दिसतो. उलट, सॉफ्टवेअरमधील चुकांमुळे प्रक्रियकांना आपली खरी क्षमता लपवावी लागल्याचीही उदाहरणे आहेत. आठ बाइटांची तुलना व अदलाबदल करणारी सीएक्स-८ ही आज्ञा सी-३ मध्ये प्रत्यक्ष होती. विंडोज एनटीमधील एका दोषामुळे मात्र तिचा बिट मुद्दाम शून्य ठेवलेला असे. लिनक्सच्या गाभ्यात या बिटाचा पडदा दूर सारण्यासाठी खास ओळी घालाव्या लागल्या. ट्रान्समेटा या कंपनीच्या अल्पशक्ती प्रक्रियकांसाठीही झाकलेले बिट उघडे करण्याची अशीच तरतूद आहे. स्वतः टोरवाल्ड्स हे १९९७ ते २००३ या काळात ट्रान्समेटामध्ये नोकरीस होते, हा योगायोग नोंदण्याजोगा आहे.

२००७ मध्ये गाभ्याच्या २.६.२३ या आवृत्तीबरोबर आरंभीचा भाग नव्याने लिहिला गेला आणि परिस्थिती पालटली. गाभा उलगडण्यापूर्वीच आवश्यक क्षमतांची तपासणी होऊ लागली. एखादी नसल्यास तिचे नाव सांगून, या प्रक्रियकास साजेसा गाभा वापरावा अशी सूचना पडद्यावर येऊ लागली. यंत्र सुरू होत नसे ते नसेच, पण कारण कळे. पुढील सर्व वादांत ही सूचनाच लोकांच्या तक्रारींचा आधार ठरली.

पेंटियम एम : इंटेलच्या इझ्राएलमधील रचनाकारांनी घडविलेला पेंटियम एम हा प्रक्रियक मार्च २००३ मध्ये आला. १.६ गिगॅहर्ट्‌झचा त्याचा प्रकार सु. २४.५ वॉट उष्णताशक्तीच्या मर्यादेत चाले. पेंटियम ४ च्या तुलनेत हे मोठे यश होते. त्या काळातील हलके अंकस्थ संगणक याच प्रक्रियकामुळे दीर्घकाळ विजेरीवर चालू लागले, आणि उत्तम बांधणीमुळे त्यांपैकी कित्येक दहा वर्षांनंतरही कामात होते. त्याच्या पहिल्या बॅनियस प्रकारात मात्र पीएईचा बिट शून्य होता.

उबुंटू या वितरणाने ऑक्टोबर २०१२ च्या १२.१० या आवृत्तीपासून पीएईविरहित गाभा पुरविणे थांबविले. स्मृतीतील विदा-भागातून आज्ञा चालू न देण्याचे संरक्षण ३२ बिटांच्या गाभ्यास पीएईवाचून मिळत नाही. शिवाय दोन प्रकारचे गाभे तयार करून प्रत्येकाची चाचणी घेणे खर्चाचे होते. ही कारणे खोटी नव्हती. बॅनियस यंत्रांच्या धारकांना त्यांचा उपयोग मात्र शून्य होता. हे संरक्षण त्यांच्या प्रक्रियकात नव्हतेच आणि ४ गिगाबाइटहून अधिक स्मृतीचाही प्रश्न नव्हता. त्यांच्या दृष्टीने पडद्यावर उरली ती केवळ ‘पीएई’ ही तीन अक्षरे आणि थांबलेले यंत्र.

पुढे निष्पन्न झालेली गोष्ट अधिक विलक्षण आहे. पीएईची मंडले या प्रक्रियकात होती व ती कामही करीत होती, फक्त त्यांचा बिट लावलेला नव्हता. म्हणजे सी-३ ने जे नव्हते ते असल्याचा भास निर्माण केला आणि पेंटियम एमने असलेले नाकारले. जिज्ञासू वापरकर्त्यांनी प्रथम गाभ्यास चकविण्याच्या युक्त्या शोधल्या. २०१४ मध्ये गाभ्याच्या ३.१५ या आवृत्तीत ‘फोर्सपीएई’ या नावाचा अधिकृत पर्याय आला व त्याच वर्षीच्या उबुंटू १४.०४ मध्येही तो उपलब्ध झाला. आरंभाच्या वेळी हा शब्द दिल्यास गाभा बिटाकडे दुर्लक्ष करून पुढे जातो. मात्र प्रक्रियक त्याच्या घोषित मर्यादेबाहेर चालविला जात असल्याची नोंद तो ठेवतो. केवळ एका शब्दाने यंत्रे पुन्हा सुरू झाली. मधल्या दीड वर्षात किती टाकून दिली गेली असतील, याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

जिओड : सर्वांत दीर्घकाळ चाललेला प्रश्न जिओडचा होय. सायरिक्स कंपनीच्या रचनेतून निघालेला हा वंश नॅशनल सेमिकंडक्टरकडून २००३ मध्ये एएमडीकडे गेला. २००५ मधील जिओड एलएक्स या प्रकाराच्या नावातच वीजखर्च गोवलेला होता. ‘एलएक्स ७००@०.८ डब्ल्यू’ या नावाचा प्रक्रियक ४३३ मेगॅहर्ट्‌झवर चाले. ‘प्रत्येक मुलास एक अंकस्थ संगणक’ या अमेरिकेत आरंभलेल्या योजनेने आपल्या एक्सओ-१ या हिरव्या-पांढऱ्या यंत्रासाठी हाच प्रक्रियक निवडला. त्यात २५६ मेगाबाइट स्मृती व १ गिगाबाइट साठा होता. महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील खैराट येथील लहानशा शाळेत २००७ मध्ये भारतातील या योजनेचा पहिला प्रयोग झाला. स्वित्झर्लंडमधील पीसी इंजिन्स या कंपनीच्या अ‍ॅलिक्स पट्टांवरही हाच प्रक्रियक होता. जाळ्यातील वाटाडे-यंत्र म्हणून हे पट्ट वापरले जात. त्यांना पडदा जोडण्याची सोय बहुधा नसे. दूर अंतरावरून गाभा बदलला व यंत्र परतून आले नाही, तर कोणीतरी जागेवर जाऊन मालिका-तार जोडावी तेव्हा कारण कळे.

जिओड एलएक्सचा कुल-क्रमांक ५ होता, तरी सीमूव्ह त्यात होती. ६८६ शी त्याचे नाते जवळजवळ पूर्ण होते. उणीव होती ती नॉपएल या आज्ञेची. ही आज्ञा काहीच करीत नाही. यंत्रभाषेतील आज्ञा सोयीच्या पत्त्यावर याव्यात म्हणून मध्ये भरावयाची ती लांब पोकळी होय. पेंटियम प्रोपासून ती होती, पण इंटेलने तिची अधिकृत नोंद पुष्कळ वर्षांनी केली. तोवर तिचे अनुकरण न करणाऱ्यांस दोष देणे कठीण. २००८ मध्ये ३२ बिटांच्या लिनक्स गाभ्यातून ही आज्ञा सरसकट भरण्याची पद्धत मागे घेण्यात आली. २००९ मध्ये, गाभ्यानेच ती आज्ञा पकडून सोडून द्यावी व जिओडला ६८६ म्हणवावे अशी सूचना मांडली गेली. मुख्य गाभ्यात तिचा समावेश झाला नाही. काहीही न करणाऱ्या आज्ञेपायी पूर्ण यंत्र अडून राहावे, असा प्रकार संगणकाच्या इतिहासात दुर्मिळच.

इतर प्रसंग : २०१३ मधील इंटेलच्या बे ट्रेल या अ‍ॅटम वंशातील प्रक्रियकांबाबत अडचणी निराळ्या होत्या. कित्येक स्वस्त पाट्यांमध्ये प्रक्रियक ६४ बिटांचा पण पायाभूत यंत्रणा ३२ बिटांची होती. अशा जोडीवर ६४ बिटांचा गाभा सुरू करण्याची सोय लिनक्समध्ये २०१४ च्या ३.१५ आवृत्तीत आली. याच प्रक्रियकांवर नव्या गाभ्यांखाली यंत्र अकस्मात गोठण्याचा दोष २०१५ पासून गाजला. प्रक्रियक गाढ विश्रांतीच्या अवस्थेत जाताना तो उद्‌भवे. विश्रांतीची कमाल पायरी १ वर रोखण्याचा आरंभ-पर्याय दिला की यंत्र स्थिर होई, पण विजेरी लवकर संपे. ज्या गुणासाठी प्रक्रियक घेतला तोच टाकावा लागे. विंडोजच्या बाजूस २०१२ च्या क्लोव्हर ट्रेल अ‍ॅटम यंत्रांना विंडोज १० ची २०१७ मधील आवृत्ती नाकारण्यात आली. सुरक्षा-दुरुस्त्या जानेवारी २०२३ पर्यंत देण्याचे मायक्रोसॉफ्टने मान्य केले.

आधाराचा शेवट : गाभ्याचे रचनाकार जुन्या यंत्रांविषयी बेपर्वा होते असा समज रास्त नाही. प्रत्येक जुन्या प्रकारासाठी वेगळी वाट राखावी लागते आणि ती वाट तपासण्यास कोणाजवळ तरी ते यंत्र असावे लागते. ८०३८६ चा आधार इंगो मोल्नार यांच्या प्रस्तावावरून डिसेंबर २०१२ मध्ये काढला गेला व ३.८ ही त्यावाचूनची पहिली आवृत्ती ठरली. ज्या प्रक्रियकावर लिनक्स जन्मले त्याच्यावरच ते चालेनासे झाले. तेथे निदान प्रक्रियकाची रचना पंचवीस वर्षांहून जुनी होती. अल्पशक्ती प्रक्रियकांची गोष्ट वेगळी, कारण ते विकत घेतले गेले तेव्हा नवेच होते. कमी वीज, कमी किंमत आणि दीर्घ आयुष्य या आश्वासनांमुळे ते शाळांत, दुकानांत आणि दुर्गम ठिकाणी पोहोचले होते. तेथे यंत्र बदलणे सर्वांत अवघड असते.

डेबियनने जून २०१७ मधील ९ व्या आवृत्तीत ५८६ वर्गाचा सर्वसाधारण आधार काढला. जिओडसारखे काही प्रक्रियक त्यानंतरही तगून होते. जून २०२३ मधील १२ व्या आवृत्तीत नॉपएल आज्ञा आवश्यक ठरली आणि जिओडचे नाव उदाहरणादाखल घेऊन तो वगळण्यात आला. पेंटियम एमसाठी पीएईविरहित गाभा या आवृत्तीतही दिला होता. ऑगस्ट २०२५ मधील १३ व्या आवृत्तीत ३२ बिटांच्या इंटेल-पद्धतीच्या यंत्रांसाठी गाभा व स्थापना-संच दोन्ही बंद झाले. अशा यंत्रांच्या धारकांनी नवी आवृत्ती बसवू नये, असे तिच्यासोबतच्या सूचनांत नमूद केलेले आहे.