आजारपणाचा विमा आणि उसाचा हंगाम

दिवाळी सरली, कीं श्रीगोंदा तालुक्यांतील साखर कारखान्यांभोंवतीं ऊसतोड्यांचीं पालें पडूं लागतात. बीड-पाथर्डीकडील हीं कुटुंबें मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊन आलेलीं असतात. नवराबायकोच्या जोडीस ‘कोयता’ म्हणतात; मजुरी टनावर. दोघांपैकीं एकास ताप भरला तर त्या दिवसाची मजुरी बुडतेच, शिवाय ‘खाडा’ म्हणून कांहीं रक्कम उलट अंगावर चढते. आजाऱ्यास पैसे मिळावे हा विम्याचा न्याय. येथें आजाऱ्यानेंच ते भरावयाचे!

इतर देशांनीं हा हिशेब निराळा मांडला. जर्मनींत बिस्मार्कनें १८८३ सालीं कारखान्यांतील मजुरांस आजाराचा विमा सक्तीचा केला. वर्गणीचे दोन वांटे मजुराचे, एक मालकाचा. आणि आजारपणांत औषधोपचाराखेरीज तेरा आठवडेपर्यंत अर्धा रोज. यांत मजुरांची कणव किती आणि समाजवाद्यांची धास्ती किती, हा प्रश्न वेगळा. शेतमजुरांस मात्र ही सक्ती देशभर लागू होण्यास १९१४ साल उजाडावें लागलें. इंग्लंडांत लॉइड जॉर्ज यांच्या १९११ च्या कायद्यानें शेतावरील गड्यासही पहिल्यापासूनच आंत घेतलें. आठवड्यास पुरुष मजुराचे चार पेन्स, मालकाचे तीन, सरकारचे दोन. परंतु डॉक्टर मिळे तो मजुरासच, त्याच्या बायकामुलांस नव्हे. करांच्या पैशांतून सर्वांस उपचार देणारी व्यवस्था तेथें ५ जुलै १९४८ रोजीं सुरू झाली.

हिंदुस्थानांत डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळांत मजूर खातें सांभाळीत असतां प्रो. आडारकर यांनीं १९४४ सालीं अहवाल दिला. तो कापड, यंत्रकाम आणि खनिज-धातु या धंद्यांतील बारमाही कारखान्यांपुरता होता. पुढें १९४८ सालीं कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजीं कानपूर व दिल्ली येथें योजना सुरू झाली. तींतून हंगामी कारखाने वगळले गेले, आणि त्यांच्या व्याख्येंत साखर व गूळ यांचीं नांवें स्पष्ट आहेत. वर्गणी पगारांतून कापावयाची, म्हणून बारा महिने पगारपत्रकावर असणारा मजूर सोईचा, हें समजण्याजोगें आहे. तोडणीवाला तर मुकादमाचा. कारखान्याच्या पगारपत्रकावर त्याचें नांवही नसतें.

महाराष्ट्र सरकारनें २०१२ सालीं राजीव गांधी जीवनदायी योजना काढली. २०१७ सालीं तिला महात्मा जोतिराव फुले यांचें नांव मिळालें. मोठ्या शस्त्रक्रियेचा खर्च तींतून भागतो, आणि गरिबाच्या घरीं ही थोडी गोष्ट नव्हे. परंतु फडांतल्या साध्या तापास इस्पितळाची खाट लागत नाहीं. तेथें बुडतो तो रोज, आणि त्या रोजाची तजवीज या योजनेंत नाहीं.